इंजिन उतरवू नका

जुनी महिंद्रा जीप घरी आणली की पहिल्या महिनाभरात एक सल्ला हमखास मिळतो. हे प्यूजोचं इंजिन काढून टाका, त्यात दम नाही; बोलेरोचं डीआय बसवा, आणि खर्चाची तयारी असेल तर सरळ कॉमन रेल घाला. सल्ला देणारा भला माणूस असतो. कधी तो गॅरेजवाला असतो, कधी आपल्याआधी दहा वर्षं जीप चालवलेला मित्र. त्याचं म्हणणं ऐकताना बिनतोड वाटतं. इंजिन हा शेवटी एक सुटा भाग आहे, ६२ अश्वशक्तीत आजच्या रस्त्यावर निभाव लागत नाही, पार्ट मिळत नाहीत, धूर निघतो, आणि खुद्द कंपनीनेच जीपमध्ये आजवर किती इंजिनं बदलली! मला यातला एकही मुद्दा जसाच्या तसा मान्य नाही. या सल्ल्यापायी धडधाकट जीप खोलल्या जातात, काम अर्ध्यावर अडतं, आणि गॅरेजच्या मागच्या बाजूला बॉनेट काढलेली गाडी पावसाळे खात उभी राहते. म्हणून हा प्रतिवाद सविस्तर करतो आहे.

आधी ज्याला नावं ठेवली जातात ते इंजिन नीट पाहू. एक्सडीपी ४.९० हे मूळ प्यूजोचं. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, ८३ मिलिमीटर स्ट्रोक, २११२ सीसी. याच घराण्याची डिझेल इंजिनं फ्रान्समध्ये प्यूजोच्या मोटारींत होती, आणि त्या मोटारी आफ्रिकेतल्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं राबल्या. १९७९ साली महिंद्राने त्याचा परवाना घेतला आणि पुढे हे इंजिन आपल्या इगतपुरीत बनू लागलं. एमएम ५४० मधून ते पोलिसांकडे गेलं, वनखात्यात गेलं, साखर कारखान्यांच्या शेतकी विभागात गेलं. पश्चिम महाराष्ट्रात वडापच्या जीप माणसं दाटीवाटीने भरून, टपावर सामान लादून घाट चढत होत्या, तेव्हा त्यांतल्या अनेकींच्या बॉनेटखाली हेच इंजिन होतं. ज्यांनी त्या काळात त्या जीपमधून प्रवास केला आहे, त्यांना ‘यात दम नाही’ हे वाक्य पटवणं अवघड जावं.

पण आठवणी बाजूला ठेवून हिशेबच करू. ज्या जीपमध्ये टी-९० गिअरबॉक्स आहे, तिचा पहिला गिअर साधारण २.८ चा. डाना १८ ट्रान्सफर केसचा लो २.४६ चा. डिफरन्शिअल ५.३८ चं. तिन्हींचा गुणाकार ३७. एक्सडीपीचा टॉर्क सुमारे १२ किलोग्रॅम-मीटर. म्हणजे लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये चाकांपर्यंत ४४० किलोग्रॅम-मीटरच्या घरात जोर पोहोचतो. ६.००-१६ च्या टायरची त्रिज्या ३६ सेंटिमीटर धरली, तर जमिनीवरची ओढ होते १,२०० किलोच्या आसपास. गिअरमधल्या घर्षणात थोडी गळती झाली तरी हा आकडा रिकाम्या जीपच्या स्वतःच्या वजनाजवळ जातो. चिखलात, ओल्या मुरुमात, नदीच्या गोट्यांवर टायरची पकड याच्या निम्मीही नसते. तिथे इंजिन कमी पडण्याच्या कितीतरी आधी चाक घसरतं. ताम्हिणीच्या एखाद्या फुटलेल्या रस्त्यावर जीप वर चढली नाही, तर दोष पकडीचा असतो, टायरमधल्या हवेचा असतो, चाक कुठून न्यायचं हे न ओळखणाऱ्या चालकाचा असतो. दुप्पट टॉर्कचं इंजिन बसवून तेच चाक दुप्पट जोराने खड्डा खणेल.

मग गाडी खरोखरच मंद वाटते त्याचं काय? वाटते, आणि ते खरंही असतं. पण मूळ कारण कुणी शोधत नाही. कित्येक जीपमध्ये ते डोळ्यांसमोर असतं: टायर. मूळ टायरचा व्यास साडेअठ्ठावीस इंचांच्या आसपास. त्या जागी ३३ इंची मड टायर चढवले की सगळं गिअरिंग सुमारे सोळा टक्क्यांनी जड होतं, आणि प्रत्येक चाकाचं वजन वाढतं ते वेगळंच. तिसऱ्या गिअरमध्ये सहज निघणारा चढ आता दुसऱ्यात काढावा लागतो. टायर आपण बदलले आणि शिक्षा इंजिनाला.

टायर मूळचेच असतील तर पुढे तपासण्याची यादी मोठी आहे, आणि ती कंटाळवाणी आहे म्हणूनच टाळली जाते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पंपावरचा लिव्हर खरोखर शेवटपर्यंत जातो का? झिजलेल्या लिंकेजमुळे तो पाऊण वाटेवरच थांबलेला मी अनेक गाड्यांत पाहिला आहे. टाकीत गंज सुटून जाळी बुजली आहे का? डिझेलच्या लाइनमध्ये कुठे हवा ओढली जाते का? ब्रेक धरून ठेवलेत का, क्लच घसरतो का? नोझल काढून टेस्टिंग बेंचवर लावली तर फवारा धुक्यासारखा बारीक पडतो की धार लागते? पंपाचं टायमिंग शेवटचं कुणी आणि कशाने तपासलं? या प्रत्येकाचा खर्च इंजिन बदलण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

धूरही बोलतो, ऐकणारा हवा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, नोझल आणि पंप यांच्याकडे बघायचं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. रिंग, बोअर किंवा व्हॉल्व्ह गाइड. सकाळी स्टार्ट करताना पांढरा येऊन गरम झाल्यावर जात असेल तर हीटर प्लग, टायमिंग किंवा उतरलेलं कॉम्प्रेशन. पांढरा धूर जातच नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. यांपैकी फक्त निळ्या धुराचं आणि उतरलेल्या कॉम्प्रेशनचं काम इंजिनाच्या पोटात शिरतं. हेड गॅस्केटसाठी हेड उतरवावं लागतं. बाकी सगळं बाहेरून होतं.

आणि तापण्याची तक्रार. एक्सडीपीची ज्वलनरचना अप्रत्यक्ष पद्धतीची आहे: डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कक्षात पेटतं आणि तिथून सिलिंडरमध्ये येतं. या पद्धतीत कूलंटला जाणारी उष्णता डायरेक्ट इंजेक्शनपेक्षा जास्त असते, त्यामुळे हे इंजिन रेडिएटरच्या बाबतीत हयगय खपवून घेत नाही. आपल्याकडे मात्र गाडी तापली की पहिल्यांदा थर्मोस्टॅट काढून फेकतात, फॅनभोवतीचं आवरण आधीच कुणीतरी हरवलेलं असतं, आणि रेडिएटरच्या निम्म्या नळ्या क्षाराने बंद असतात. अशा अवस्थेत घाटात हेड वाकलं की निवाडा तयार: प्यूजो इंजिन तापतं. त्याच रेडिएटरमागे नवं इंजिन बसवलं तर तेही तापेल.

आता समजा, हे सगळं झुगारून इंजिन बदललंच. पुढे काय होतं?

सर्वांत लोकप्रिय पर्याय महिंद्राच्या डीआयचा. २५२३ सीसी, ८८.९ मिलिमीटर बोअर, १०१.६ मिलिमीटर स्ट्रोक. ट्रॅक्टरच्या वळणाचं, लांब स्ट्रोकचं, खालच्या फेऱ्यांत ओढणारं इंजिन. उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते एक्सडीपीसारखं ४,५०० फेऱ्यांपर्यंत जात नाही, त्याचं काम ३,२०० च्या आसपास संपतं. आता ५.३८ चं डिफरन्शिअल आणि मूळ टायर ठेवून गणित करा. टॉप गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला इंजिन जवळपास ३,२०० फेऱ्यांवर पोहोचतं. म्हणजे हायवेवर पळावं म्हणून ज्याने इंजिन बदललं, त्याची जीप ८० ला जाऊन थांबते. मग डिफरन्शिअल बदलायचं, आणि फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत ते एक बदलून चालत नाही. पुढचं आणि मागचं दोन्ही एकाच गुणोत्तराची लागतात. ती बदलली की वर मोजलेला ३७ चा गुणाकार खाली येतो, आणि जीप ज्या संथ चढाईसाठी घेतली होती तीच बिघडते. सोबत माउंटिंग नवे, रेडिएटरचे होज नवे, सायलेन्सरचा पाइप नवा, गिअरबॉक्स जुळला नाही तर तोही नवा, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि कोन नवे.

कॉमन रेलवाल्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. त्यांच्यासाठी कंपनीनेच एक धडा घालून दिला आहे. २०१० साली महिंद्राने थार आणली, तिच्यातल्या सीआरडीई इंजिनाची ताकद १०५ अश्वशक्ती आणि टॉर्क २४७ न्यूटन-मीटर, म्हणजे एक्सडीपीच्या दुप्पट. हे इंजिन बसवताना कंपनीने जुन्या जीपची बाकी गाडी तशीच ठेवली का? नाही. पाच गिअरचा वेगळा गिअरबॉक्स दिला, ट्रान्सफर केस वेगळी दिली, पुढे लीफ स्प्रिंगऐवजी स्वतंत्र सस्पेन्शन आणलं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले. एवढा टॉर्क पेलायला आणि त्या वेगाला थांबवायला हे सगळं लागतं, हे कंपनीच्या अभियंत्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे मात्र तेच इंजिन चारही चाकांना ड्रम असलेल्या, चाळीस वर्षांच्या चासीवर, तीन-चार गिअरच्या जुन्या पेटीपुढे बसवतात. आधी गिअरबॉक्स आवाज करू लागतो, मग ट्रान्सफर केस, मग मागचा ॲक्सल शाफ्ट. हे तीनही मोडले तरी माणूस बचावतो. उतारावर शंभरच्या वेगात ब्रेक कमी पडले तर बचावेलच असं नाही.

‘कंपनीने स्वतःच इंजिनं बदलली’ या मुद्द्याला मी मान देतो, कारण तो इतिहासाला धरून आहे. जीपचा इतिहास खरोखरच इंजिनबदलांचा आहे. १९५३ च्या सीजे-३बी चं ते उंच बॉनेट आलं कशामुळे? विलीजने जुन्या गो-डेव्हिलच्या जागी हरिकेन इंजिन बसवायचं ठरवलं, इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेल्याने ते उंच झालं, आणि बॉनेटखाली मावेना. त्यांनी बॉनेट, ग्रिल, काउल सगळं वर उचललं. भारतात पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हा महिंद्राने जीपमध्ये डिझेल आणलं, मग प्यूजो आणलं, मग डीआय. पण या प्रत्येक वेळी बदल झाला तो ड्रॉइंग बोर्डवर, चाचणीच्या गाड्यांवर, आणि त्यानंतर हजारो गाड्या एकसारख्या निघाल्या. त्यांची पार्ट कॅटलॉग निघाली, मेकॅनिकांना प्रशिक्षण मिळालं. गॅरेजमध्ये जन्मलेली जीप एकुलती एक असते. तिचं ड्रॉइंग नाही, कॅटलॉग नाही. क्लच प्लेट कोणत्या गाडीची, होज कुठला कापून लावला, वायरिंगची कोणती तार कशासाठी, हे फक्त करणाऱ्या कारागिराला माहीत. तो गाव सोडून गेला, आजारी पडला, की गाडी अडली. दापोलीला जाताना रस्त्यात बंद पडलेली मूळ एक्सडीपी कुठलाही वयस्क डिझेल मेकॅनिक हाताने सोडवतो. जुन्या वायरिंगला जोडलेला ईसीयू तिथे कुणी उघडणार नाही.

इंग्लंडमधल्या जुन्या लँड रोव्हरमध्ये २०० टीडीआय बसवतात, तेही दाखल्याला येतं. ते इंजिन त्याच कंपनीचं, तितक्याच सिलिंडरचं, आणि जुन्या गिअरबॉक्सला फार फेरफार न करता जुळणारं आहे. त्या उदाहरणावरून सिद्ध होतं ते एवढंच, की बदल करायचाच तर त्याच घरातलं इंजिन घ्यावं.

कायद्याचा मुद्दा लोक खालच्या आवाजात बोलतात. तो मोठ्याने बोलायला हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. भंगारातून आणलेल्या, पावती नसलेल्या इंजिनाचा नंबर आरसीवर चढत नाही. पंधरा वर्षांनंतर दर वेळी फेरनोंदणीला आरटीओत गाडी उभी करावी लागते, तिथे चासी आणि इंजिन दोन्ही नंबर पाहिले जातात. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअरही तेच पाहतो. ‘आजवर कुणी विचारलं नाही’ ही सबब त्या दिवशी कामाची नसते.

आणि २०२१ चे व्हिंटेज वाहनांचे नियम. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. त्यातली अट स्पष्ट आहे: चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९८० च्या दशकात रस्त्यावर आलेल्या एक्सडीपीच्या जीप २०३० पासून एकेक करून पन्नाशी गाठतील. जुन्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंध कडक होत चालले आहेत. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचं काय झालं ते आपण पाहिलं. अशा काळात जुनी जीप कायदेशीरपणे जपण्याचा एक दरवाजा उघडा आहे, आणि तो इंजिन उतरवण्याच्या दिवशी आपण आपल्या हाताने बंद करतो. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला नसते हे खरं. पण पन्नाशीच्या जीपला रोज कामाला जुंपणारे तरी किती?

पार्ट मिळत नाहीत, ही तक्रार निम्मी खरी आहे. लायनर-पिस्टनचे संच, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, नोझल शोधली की मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत, कुर्ल्यात जुन्या दुकानदारांना विचारा. चांगलं हेड आणि चांगला क्रँक मिळणं अवघड होत चाललं आहे. त्याचं एक कारण हेही आहे, की आपण चालू इंजिनं काढून किलोच्या भावाने भंगारात देतो. प्रत्येक काढलेलं एक्सडीपी दुसऱ्या कुणाच्या तरी जीपचं हेड होतं.

प्रदूषणाबद्दल प्रामाणिक राहू. जुनं डिझेल नव्याइतकं स्वच्छ कधीच होणार नाही. पण नीट लावलेल्या नोझल आणि पंपाने ते धुराच्या चाचणीत ६५ एचएसयूच्या आत बसू शकतं. आणि कॉमन रेल इंजिन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ईजीआर, सेन्सर गाळून बसवलं, तर प्रमाणपत्रातलं स्वच्छ इंजिन ते उरतच नाही.

इंजिन बदलणं योग्य ठरेल असे प्रसंग आहेत. ब्लॉकला तडा गेला असेल, क्रँक आणखी घासण्यापलीकडे गेला असेल, किंवा आधीच्या मालकाने काहीतरी भलतंच कोंबून ठेवलं असेल, तर दुसरं एक्सडीपी शोधा आणि ते बांधून घ्या. तेही मिळालंच नाही आणि जीप शेतात राबवायची असेल, तर महिंद्राचंच डीआय, गिअरबॉक्ससकट, पावतीसकट, डिफरन्शिअलचं गणित आधी करून, आणि आरटीओची लेखी परवानगी हातात आल्यावरच. ‘मला आवडत नाही’ हे कारण या यादीत नाही. गाडी तुमच्या मालकीची आहे, मान्य. पण तुमच्या आधी ती कुणाची तरी होती आणि तुमच्यानंतरही कुणाची तरी होणार आहे.

तेव्हा पहिला बोल्ट सोडण्याआधी एवढं करा. मूळ मापाचे टायर कुणाकडून उसने आणून गाडी एकदा चालवा. गरम इंजिनावर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, ऑइलचं प्रेशर पाहा, नोझल बेंचवर लावा, रेडिएटर खोलून साफ करा, आणि सगळे आकडे कागदावर लिहा. तो कागद इंजिन बदलायला सांगणाऱ्याच्या हातात द्या आणि यातला कोणता आकडा इंजिन मेल्याचं सांगतो ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर इंजिन जागेवर राहू द्या.